निर्बंध लादले जातात राज्यकर्त्यांवर, सोसतो कोण?

काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यातील संत्रा बागायतदारांना २०२२ च्या हंगामात पोटॅश या खताचे पन्नास किलोचे पोते सतराशे रुपयांच्या आसपास घ्यावे लागले. दोनच वर्षांपूर्वी तेच पोते हजार रुपयांच्या आत मिळत होते. पोटॅशसाठी भारत जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे आणि जगातील पोटॅशचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा बेलारूस हा देश पुरवत असे. तेथील राष्ट्राध्यक्षांनी ऑगस्ट २०२० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर रस्त्यावर उतरलेल्या नागरिकांना चिरडले, मे २०२१ मध्ये एका पत्रकाराला पकडण्यासाठी प्रवासी विमान जबरदस्तीने राजधानी मिन्स्कला उतरवले. त्यावर अमेरिका आणि युरोपीय संघाने बेलारूसच्या पोटॅश उद्योगावर निर्बंध घातले. फेब्रुवारी २०२२ मध्ये लिथुआनियाने त्या मालाची रेल्वेवाहतूक बंद केली आणि त्याच महिन्यात युक्रेनचे युद्ध पेटले. भाववाढीला इतरही कारणे होती. तरीही मिन्स्कच्या हुकूमशहाला दिलेल्या शिक्षेचा काही भाग विदर्भातील शेतकऱ्याने भरला, हे नाकारता येत नाही. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि ही शिक्षा योग्य की अयोग्य हे ठरवणाऱ्यांच्या हिशेबात तो कोठे नव्हताही.

आंतरराष्ट्रीय राजकारणातील नैतिकतेबद्दल बोलताना आपण बहुधा युद्धाबद्दल बोलतो. युद्धाइतकेच माणसांच्या आयुष्यात खोलवर शिरणारे, पण चर्चेत क्वचित येणारे हत्यार म्हणजे आर्थिक निर्बंध, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

निर्बंध म्हणजे एखाद्या देशाशी, संस्थेशी किंवा व्यक्तीशी असलेले आर्थिक व्यवहार दबाव आणण्यासाठी तोडणे. त्यांत मालाची आयात-निर्यात थांबवणे येते, शस्त्रविक्रीवर बंदी येते, बँकांतील पैसा गोठवणे येते आणि ठरावीक व्यक्तींना प्रवासबंदी करणेही येते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ४१ वे कलम सुरक्षा परिषदेला लष्करी बळाशिवायचे असे उपाय योजण्याचा अधिकार देते आणि परिषदेने तसा ठराव केला की तो सर्व सदस्य देशांवर बंधनकारक ठरतो. दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या देशाने किंवा देशांच्या गटाने स्वतःच्या अधिकारात घातलेले निर्बंध. भारत सरकारची अधिकृत भूमिका अशी आहे की आपण फक्त पहिल्या प्रकाराला बांधील आहोत. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकाराचाही आपल्यावर किती ताबा चालतो, ते पुढे येईलच.

हे हत्यार सौम्य मानले जाते, कारण त्यात बंदूक दिसत नाही. पण पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची बाजू मांडताना अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१९ मध्ये आर्थिक बहिष्काराचे वर्णन शांततामय, निःशब्द आणि प्राणघातक इलाज असे केले होते. या तीन विशेषणांतील तिसरे आपण विसरलो. युद्धाला निदान काही नियम आहेत. लढणारा सैनिक आणि न लढणारा नागरिक यांत भेद करावा, साध्य करायच्या उद्दिष्टापेक्षा नागरिकांची हानी अधिक होऊ नये, असे ते नियम सांगतात. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेला पहिला पूरक करार तर नागरिकांना उपाशी ठेवणे ही युद्धपद्धती म्हणून निषिद्ध ठरवतो. निर्बंध मात्र शांतताकाळातील उपाय समजले जात असल्यामुळे या नियमांच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजे रणांगणावर जे करण्यास सेनापतीला मनाई आहे, ते कार्यालयात बसून एका ठरावाने घडवता येते आणि त्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाही. माझ्या मते या साऱ्या विषयातील मूळ दोष हाच आहे.

इराकचे उदाहरण या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. सद्दाम हुसेन यांच्या सैन्याने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत गिळंकृत केला आणि चारच दिवसांनी सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाच्या ठरावाने इराकशी जवळजवळ सर्व व्यापार बंद केला. औषधांना सूट होती, अन्नाला केवळ मानवतावादी परिस्थितीत सूट होती. इराक तेव्हा आपल्या अन्नधान्याचा मोठा भाग बाहेरून आणत असे आणि त्याची किंमत तेल विकून चुकवत असे. तेलच विकता येईना, तेव्हा सूट असलेल्या वस्तू घ्यायलाही पैसा उरला नाही. १९९१ च्या युद्धात वीजकेंद्रे बॉम्बहल्ल्यांत मोडली होती, त्यामुळे पाणी शुद्ध करण्याची आणि सांडपाणी उपसण्याची व्यवस्था कोलमडली होती. पाण्यासाठी लागणारा क्लोरीन आणि पंपांचे सुटे भाग शस्त्रनिर्मितीसाठीही वापरता येतील, या कारणाने त्यांच्या परवानग्या निर्बंध समितीकडे अडकून पडत. कुवेत मुक्त झाल्यावर निर्बंध उठायला हवे होते, पण एप्रिल १९९१ मध्ये त्यांची सांगड संहारक शस्त्रे नष्ट करण्याशी घातली गेली. पुढे अमेरिकी नेतृत्वाने तर सद्दाम सत्तेवर असेपर्यंत ते उठणार नाहीत, असेच सूचित केले. मागण्या मान्य करूनही शिक्षा संपणार नसेल, तर मागण्या मान्य कशासाठी करायच्या, हा प्रश्न त्या राजवटीला पडला असल्यास नवल नाही.

याहून विचित्र परिणाम देशाच्या आत झाला. अन्नाचा तुटवडा असताना रेशन वाटणारी यंत्रणा सरकारच्या हातात होती. त्यामुळे ज्या राजवटीला खिळखिळे करायचे होते तिच्याच दारात प्रत्येक कुटुंबाला दरमहा शिधापत्रिका घेऊन उभे राहावे लागले आणि लोकांवरची तिची पकड घट्ट झाली. १९९६ च्या अखेरीस ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ ही योजना सुरू झाली. तिची इराकमधील जबाबदारी सांभाळणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये निर्बंधांचा निषेध म्हणून राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केले. योजनेतील लाचखोरीची चौकशी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या व्होल्कर समितीने केली. २००५ मधील तिच्या अहवालानंतर आपल्याकडे नटवर सिंह यांना मंत्रिपद सोडावे लागले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. आपल्या वृत्तपत्रांतून तेव्हा चर्चा झाली ती त्या लाचखोरीची. दूषित पाण्याने आजारी पडणाऱ्या बसरातील मुलांची फारशी झाली नाही.

त्या मुलांच्या संख्येबद्दल एक गोष्ट काळजीपूर्वक सांगायला हवी. युनिसेफने १९९९ मध्ये जाहीर केलेल्या सर्वेक्षणावरून पाच लाख बालकांच्या अतिरिक्त मृत्यूंचा आकडा जगभर पसरला. २००३ नंतर झालेल्या स्वतंत्र पाहण्यांत बालमृत्युदरातील ती प्रचंड वाढ दिसली नाही आणि इराकी सरकारने आधीच्या सर्वेक्षणातील माहितीत फेरफार केल्याचा निष्कर्ष संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. पण त्याआधीच, १९९६ मध्ये, संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेच्या तत्कालीन राजदूत मॅडलिन ऑल्ब्राइट यांना दूरचित्रवाणीवर पाच लाख मुलांच्या मृत्यूबद्दल विचारण्यात आले होते, आणि त्यांनी तो आकडा खोडून न काढता, ही किंमत मोजण्यायोग्य वाटते, असे उत्तर दिले होते. त्या उत्तराबद्दल पुढे त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. आकडा चुकीचा होता म्हणून त्या उत्तरामागची वृत्ती निर्दोष ठरत नाही. आणि वृत्ती निर्दय होती म्हणून आकडा खरा ठरत नाही. निर्बंध लादणाऱ्यांनी झळा मोजण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली नाही, म्हणून मोजणीचे काम हुकूमशहाच्या हाती गेले आणि त्याने ते आपल्या सोयीने वापरले. निर्बंध घालणाऱ्याने त्यांचे परिणाम पहिल्या दिवसापासून स्वतः, स्वतंत्र यंत्रणेमार्फत मोजले पाहिजेत आणि निर्बंध कोणत्या अटीवर उठतील ते आधीच सांगितले पाहिजे, हे माझे म्हणणे मुख्यतः या अनुभवावर उभे आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या प्रश्नाचा गाभा समजण्यासाठी बगदादपर्यंत जाण्याचीही गरज नाही. जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते, तेव्हा दोष एकाचा मानला जातो आणि दुकानदार त्या घरातल्या लेकरालाही सामान देत नाही, सोयरीक जुळत नाही, मयतीला खांदा देणारा मिळत नाही. राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि पुढच्या वर्षीपासून तो अमलात आला, कारण एका व्यक्तीला वाकवण्यासाठी तिच्या साऱ्या गोतावळ्याचे जगणे बंद पाडणे हा गुन्हा आहे, हे आपण तत्त्व म्हणून मान्य केले. मग हेच देशांच्या पातळीवर घडते तेव्हा त्याला शांततामय उपाय का म्हणावे?

पण येथे घाई करू नये, कारण बहिष्काराला दुसरी बाजूही आहे आणि ती नागपूर शहराने पाहिली आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि तेथे असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झाले. परदेशी कापडावरील बहिष्कार हे निःशस्त्र लोकांच्या हातातील हत्यार ठरले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातच शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती आणि तिला डॉ. आंबेडकर उपस्थित होते. त्या परिषदेला आलेली माणसे बहिष्काराची धग पिढ्यान्‌पिढ्या सोसत आली होती. पुढे पहिल्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी राजकीय संरक्षणाची जी योजना सादर केली, तिच्यात सामाजिक बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा अशी मागणी होती आणि तिचा नमुना ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतलेला होता. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची शेतमजुरी आणि बाजारहाट बंद करून त्यांना गुडघे टेकायला लावले जाते, हे त्यामागचे कारण होते. एकाच शहरात, एकाच वर्षी भरलेल्या या दोन सभा शेजारी ठेवल्या की भेद स्पष्ट होतो. दुबळ्याने बलवानाशी स्वतःची झीज सोसून केलेला असहकार आणि बलवानाने दुबळ्याचे अन्नपाणी तोडणे, या दोन कृतींचे बाह्य रूप सारखे असले तरी नीतीच्या तराजूत त्यांचे वजन एक नाही.

दक्षिण आफ्रिकेवरील निर्बंध न्याय्य का वाटतात, याचे उत्तर या भेदात सापडते. तेथील भारतीयांविरुद्धच्या भेदभावामुळे भारताने स्वातंत्र्य मिळण्याच्याही आधी, १९४६ मध्ये, त्या देशाशी व्यापार तोडला आणि असे करणारा भारत पहिला देश होता. १९७४ मध्ये आपला संघ डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला असताना प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता, म्हणून आपण तो सामना खेळलोच नाही आणि चषक सोडून दिला. संयुक्त राष्ट्रांनी १९७७ मध्ये शस्त्रबंदी बंधनकारक केली. अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा संमत केला. निर्बंधांनी सर्वाधिक नुकसान काळ्या मजुरांचेच होईल, असा आक्षेप मार्गारेट थॅचर यांच्यासारखे विरोधक घेत होते आणि तो खोटा नव्हता. पण ज्यांचे नुकसान व्हायचे होते त्यांच्याच नेत्यांनी, अल्बर्ट लुथुली यांनी १९५९ मध्ये आणि पुढे डेस्मंड टुटू यांनी, जगाकडे बहिष्काराची मागणी केली होती. आम्ही सोसू, पण हे थांबवू नका, असे त्यांचे सांगणे होते. निर्बंध उठवण्याची वेळ आली तेव्हा सप्टेंबर १९९३ मध्ये नेल्सन मंडेला यांनीच संयुक्त राष्ट्रांत तसे आवाहन केले. सुरुवात आणि शेवट या दोन्हींवर पीडितांचा शब्द चालला, तसा इराकमध्ये कधी चालला नाही, आणि सद्दामच्या राज्यात मोकळेपणाने बोलू शकेल असा कोणी नव्हता हेही तितकेच खरे आहे.

निर्बंध यशस्वी किती होतात, या प्रश्नावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. एका गाजलेल्या अभ्यासाने सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत काही प्रमाणात यश नोंदवले आणि ते प्रमाणही फुगवलेले असल्याची टीका इतर अभ्यासकांनी केली. मे १९९८ मधील पोखरण चाचण्यांनंतर भारतावर घातलेल्या अमेरिकी निर्बंधांपैकी बहुतेक सप्टेंबर २००१ पर्यंत उठले होते आणि भारताचे अणुधोरण बदलले नव्हते.

इराकच्या अनुभवातून धडा घेऊन साऱ्या देशाऐवजी नेमक्या दोषी व्यक्तींना लक्ष्य करण्याची पद्धत पुढे आली. सुरक्षा परिषदेच्या १९९९ मधील १२६७ क्रमांकाच्या ठरावाने सुरू झालेली यादी याच पद्धतीची आहे. हाफिज सईदचे नाव डिसेंबर २००८ मध्ये आणि चीनने अनेक वर्षे अडवून धरलेले मसूद अझहरचे नाव मे २०१९ मध्ये ज्या यादीत आले, तीच ही यादी. खाती गोठतात, प्रवास थांबतो, सामान्य माणसाच्या ताटाला धक्का लागत नाही, म्हणून ही सुधारणा खरी आहे. पण येथेही न्यायाचा प्रश्न सुटत नाही. यादीत नाव का आले हे न सांगता आणि बाजू न ऐकता एखाद्याची मालमत्ता गोठवता येईल का, असा प्रश्न एका सौदी उद्योजकाच्या खटल्यात उभा राहिला आणि युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर परिषदेने नावे काढण्याच्या अर्जांची छाननी करण्यासाठी स्वतंत्र लोकपाल नेमला. दहशतवादाचे घाव सोसलेल्या आपल्या देशात अशा सुनावणीची मागणी अप्रिय वाटते, तरी ती योग्यच आहे, कारण निर्दोषाला अडकवणारी यादी दोषीच्या विरुद्धही दुबळी पडते.

बँकांचे मौन ही याहून अवघड अडचण आहे. इराणवरील अमेरिकी निर्बंधांत औषधांना कागदोपत्री सूट आहे. पण दंडाच्या भीतीने बँका इराणशी संबंधित कोणताही व्यवहार हाताळायला तयार होत नाहीत आणि पुरवठादारही मागे सरतात. जराशा स्पर्शानेही त्वचेवर फोड येतात अशा एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या इराणी मुलांना लागणाऱ्या खास मलमपट्ट्या २०१८ नंतर याच कारणाने मिळेनाशा झाल्या. त्या मुलांना त्रास द्यावा असा निर्णय कोणीही घेतला नव्हता, आणि म्हणूनच त्यांच्या त्रासासाठी कोणाला जबाबदार धरता आले नाही.

निर्बंध कोणावर लागतात याइतकाच कोणावर लागत नाहीत हा मुद्दाही महत्त्वाचा आहे. नकाराधिकार असलेल्या पाच देशांवर सुरक्षा परिषद कधीही निर्बंध घालू शकत नाही. डॉलरमध्ये चालणाऱ्या व्यवहारांवर अमेरिकेचे नियंत्रण असल्यामुळे तिचे एकतर्फी निर्बंध इतरांनाही पाळावे लागतात. मे २०१९ मध्ये अमेरिकेने सवलत संपवताच भारताने इराणचे तेल घेणे थांबवले, ते कोणत्याही नैतिक निष्कर्षावर येऊन नव्हे. उलट युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे स्वस्त तेल आपण मोठ्या प्रमाणात घेतले. दोन टक्क्यांच्याही खाली असलेला त्याचा वाटा आपल्या आयातीच्या एक तृतीयांशाहून पुढे गेला. गरीब देशाने आपल्या नागरिकांची इंधनाची गरज पाहावी, हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो आणि रशियाचा नैसर्गिक वायू दीर्घकाळ घेत राहिलेल्या युरोपने आपल्याला दोष देणे न्याय्य वाटत नाही. मात्र हा युक्तिवाद गरिबांच्या नावाने केला की त्याची परीक्षाही तेथेच व्हायला हवी. मे २०२२ ते मार्च २०२४ या काळात पंपावरचे दर जवळजवळ हलले नाहीत. तेव्हा स्वस्त तेलाचा किती लाभ तेल कंपन्यांच्या ताळेबंदात गेला आणि किती दुचाकीस्वाराच्या खिशापर्यंत आला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे.

सनदेचे ५० वे कलम वाचले तर असे दिसते की परिषदेच्या उपायांमुळे ज्या तिसऱ्या देशांना आर्थिक अडचणी येतील, त्यांना परिषदेशी सल्लामसलत करण्याचा हक्क दिलेला आहे. भरपाईची हमी मात्र त्यात नाही, आणि एकतर्फी निर्बंधांच्या बाबतीत सल्लामसलतीचा तो हक्कही नाही. पोटॅशचे पोते महागले तर दाद मागायची कोठे, याला आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात उत्तर नाही.

अफगाणिस्तानचे प्रकरण मला सर्वांत कठीण वाटते, कारण तेथे कोणतीही एक बाजू निःशंक मनाने घेता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतले तेव्हा अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे सात अब्ज डॉलर न्यूयॉर्कमध्ये होते आणि ते गोठवले गेले. मुलींना शाळेबाहेर काढणाऱ्या सत्तेच्या हाती हा पैसा देऊ नये, हे म्हणणे पटते. पण तो पैसा त्या देशाचा होता, आणि तो अडकल्यावर बँकांतून स्वतःची बचत काढणेही लोकांना कठीण झाले, पगार थांबले, आणि हिवाळा तोंडावर आला. पुढे त्यातील निम्मी रक्कम स्वित्झर्लंडमधील एका निधीत वळवण्यात आली आणि उरलेली ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातील पीडितांच्या कुटुंबांच्या दाव्यांसाठी राखून ठेवली गेली. त्या कुटुंबांचे दुःख खरे आहे, तरी त्याची भरपाई उपाशी अफगाणांच्या ठेवीतून करण्याचा विचार मला अन्यायाचा वाटतो. भारताने तेथे पन्नास हजार टन गहू देऊ केला आणि फेब्रुवारी २०२२ पासून अटारीमार्गे, पाकिस्तानच्या भूमीवरून, ट्रक रवाना झाले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने २६६४ क्रमांकाचा ठराव केला. संयुक्त राष्ट्रांच्या सर्व निर्बंधांतून मानवतावादी मदतीला कायमची सूट देणारा तो ठराव चौदा मतांनी संमत झाला आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद भूषवणारा भारत एकटा तटस्थ राहिला. आपल्या शेजारात दहशतवादी संघटना धर्मादाय संस्थांचे मुखवटे चढवून पैसा गोळा करतात, हा भारताचा आक्षेप अनुभवातून आलेला होता. अल कायदा आणि इसिस यांच्याशी संबंधित यादीपुरती ती सूट सुरुवातीला दोनच वर्षांसाठी होती. डिसेंबर २०२४ मध्ये परिषदेने ती तेथेही कायम केली. भारताची भीती खरी होती, पण तिचा उपाय मदतीच्या वाटेवर कडक तपासणी बसवणे हा होता, आणि अध्यक्षपद हाती असताना त्या तपासणीसाठी आग्रह धरून ठरावाच्या बाजूने मत देणे भारताला शक्य होते असे मला वाटते. ज्या देशाचा गहू नऊ महिन्यांपूर्वी काबूलच्या वाटेवर होता, त्याचे मत त्या चौदांत असायला हवे होते.